ट्रॉफीवर कर्ज मिळत नाही!

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. आपल्याच घरातली गोष्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एक बातमी केली होती. तीन कॉलम, फोटोसह. ‘जावळीच्या कन्येची सातासमुद्रापार भरारी’. आपल्याच खोऱ्यातल्या एका छोट्या गावातली मुलगी. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, आई गावाकडं थोडी शेती आणि दोन म्हशी बघते. मुलगी पीएचडी करते, विषय बायोमटेरियल्स आणि टिश्यू इंजिनिअरिंग. युरोपातल्या एका परिषदेनं तिचं संशोधन निवडलं आणि प्रवासासाठीचा पुरस्कार, म्हणजे ट्रॅव्हल ग्रँट, जाहीर केला. बातमी लागली, व्हॉट्सॲपवर फिरली, पाठोपाठ सत्कार सुरू झाले. चार सत्कारांना मी स्वतः हजर होतो. नऊ शाली, नऊ नारळ, पाच ट्रॉफ्या. मेढ्याच्या चौकात फ्लेक्स लागला, त्यावर मुलीचा फोटो पासपोर्टएवढा आणि शुभेच्छुकांचे फोटो ताटाएवढे.

परवा कळलं, तिला यंदा पुन्हा दुसऱ्या एका परिषदेचा तसाच पुरस्कार मिळालाय. लगेच फोन लावला.

“अभिनंदन गं! कधी निघतीयस?”

“दादा, जात नाही. नाव मागं घेतलं.”

“का गं?”

“मागच्या वेळचं आईचं गंठण अजून पतसंस्थेतच आहे.”

मला काय बोलावं सुचेना. पत्रकारितेची पदविका करताना आम्हाला शिकवलं होतं, बातमीत सहा प्रश्नांची उत्तरं पाहिजेत. कोण, काय, कुठं, कधी, का आणि कसं. सहाही उत्तरं मी लिहिली होती. सातवा प्रश्न विचारायचा राहून गेला. तिकिटाचे पैसे कुणी भरले?

तिनं नाव छापू नका म्हटलंय. छापणार नाही. पण हिशोब छापायची परवानगी घेतलीय.

परिषदेची नोंदणी फी 38 हजार. विमानाचं तिकीट 72 हजार. व्हिसा, विमा आणि त्यासाठी मुंबईच्या दोन खेपा मिळून 16 हजार. पाच दिवसांचं राहणं-जेवण, तेही एका खोलीत चौघी राहून, 34 हजार. झाले 1 लाख 60 हजार. पुरस्काराची रक्कम 300 युरो, म्हणजे त्या वेळचे साधारण 27 हजार, आणि तीही परिषद झाल्यावर खात्यावर येणार. एका सरकारी योजनेतून प्रवासखर्च मंजूर झाला होता. तो पण परत आल्यावर, बिलं आणि बोर्डिंग पास जोडल्यावर. त्यात तिची फेलोशिप पाच महिने थकलेली.

मग काय, आईनं गंठण काढून दिलं. उरलेले वडिलांनी मार्केटातल्या चार जणांकडून हातउसने घेतले.

पोरगी गेली, शोधनिबंध मांडला, नाव करून आली. सरकारी पैसे दहा महिन्यांनी आले. बेरीज-वजाबाकी केली तर खड्डा फार मोठा दिसत नाही, पंधरा हजार आणि व्याज. पण त्या दहा महिन्यांत खोलीचं भाडं थांबलं नव्हतं, मेस थांबली नव्हती, हातउसनेवाले थांबले नव्हते. आलेला पैसा त्यातच जिरला. गंठण जिथं होतं तिथंच राहिलं.

आई मला म्हणाली, “भाऊ, शाली लई मिळाल्या. ट्रंक भरली. पण पतसंस्थेत ट्रॉफी ठेवून घेत न्हाईत.”

या एका वाक्यासाठी मी ही पोस्ट लिहितोय.

आता काही जण विचारतील, हे बायोमटेरियल म्हणजे असतं तरी काय? मला पण तिनंच समजावलं होतं, साध्या भाषेत. आपण परसात दोडक्याचा वेल लावतो. त्याला मांडव लागतो. मांडव नसेल तर वेल जमिनीवर पसरतो, कुजतो. शरीरातल्या पेशींचं तसंच. हाड तुटून मोठी पोकळी पडली, कातडी भाजून गेली, तर नव्या पेशींना वाढायला आधार लागतो. तो आधार प्रयोगशाळेत तयार करायचा, त्यावर पेशी वाढवायच्या, आणि वेल सावरला की मांडव आपोआप विरघळून गेला पाहिजे. शरीरानं त्याला परका समजून झिडकारता कामा नये. आधाराचा तो पदार्थ म्हणजे बायोमटेरियल, आणि त्यावर कातडी, हाड, कुर्चा वाढवायचं शास्त्र म्हणजे टिश्यू इंजिनिअरिंग. हे नाव 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रूढ व्हायला लागलं. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांचा 1993 चा लेख या क्षेत्राचा पाया मानला जातो. म्हणजे विषय तसा तरुण आहे.

आणि तो आपल्यापासून लांबचा नाही. साखरेच्या आजारानं पायाची जखम चिघळून बोटं, पाय गमावलेली माणसं तुमच्या भावकीत नाहीत काय? चुलीवर, स्टोव्हवर भाजलेल्या बायका आपण पाहिल्या नाहीत काय? अशा जखमेवर घालायचा पदार्थ बाहेरून आला तर त्याची किंमत बाहेरची असते. इथं तयार झाला तर आपल्या माणसाच्या आवाक्यात येतो.

पुरावा पाहिजे? केरळात तिरुवनंतपुरमला श्री चित्रा तिरुनाल संस्था आहे. डॉ. एम. एस. वलियाथन परदेशात हृदयशस्त्रक्रिया शिकून परत आले आणि त्यांनी तिथं भारतीय बनावटीची हृदयाची कृत्रिम झडप तयार करायचं काम उभं केलं. पहिली तीन मॉडेलं फसली. चौथं जमलं. डिसेंबर 1990 मध्ये ती झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली. पुढं ‘चित्रा’ झडपा एक लाखाहून जास्त रुग्णांना बसल्या, परदेशी झडपेपेक्षा कितीतरी कमी किमतीत. संधिवाताच्या तापानं झडप खराब होणं हा मुख्यतः गरिबाघरचा आजार. तो माणूस बाहेर जाऊन शिकला, बाहेरचं काम डोळ्यांनी पाहिलं, आणि इथं आणून रुजवलं. जायलाच मिळालं नसतं तर?

माझा मुद्दा एवढाच आहे. संशोधकाच्या हातात पुरस्काराचं पत्र द्यायचं आणि पैसे मात्र आधी तू भर म्हणायचं, हा पुरस्कार नव्हे. ही ऐपतीची परीक्षा आहे. ज्याच्या बापाच्या खात्यावर दोन लाख रिकामे पडलेत तो पास. ज्याच्या आईच्या गळ्यात गंठण आहे तो कर्ज काढून पास. आणि जिच्या आईचं गंठण आधीच गहाण आहे, ती नापास. यात बुद्धीचा कुठं संबंध आला?

केंद्र सरकारची आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्याची योजना आहे. आधी ती विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडं होती. ते मंडळ आता 2023 च्या कायद्यानं आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानमध्ये विलीन झालंय. परदेशी परिषदेत निबंध वाचणाऱ्याला इकॉनॉमी वर्गाचं भाडं, नोंदणी फी, व्हिसा फी मिळते. योजना चांगली आहे, तिच्यामुळं अनेकांना जाता आलं. पण तिचीही रीत तीच. जाऊन या, कागद जोडा, मग पैसे. या प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत 50 हजार कोटींची घोषणा झाली, त्यातले सुमारे 36 हजार कोटी खासगी आणि इतर बिगरसरकारी मार्गांनी यायचे आहेत. आकडे ऐकून छाती भरून येते. पण साहेब, या 50 हजार कोटींच्या घरात एका पोरीचं 72 हजारांचं तिकीट आधी काढून द्यायची सोय का नसावी?

आणि आगाऊ पैसे द्यायची रीत सरकारला माहीत नाही असंही नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला रजा प्रवास सवलतीत, म्हणजे सुट्टीत कुटुंबासह फिरायला जाताना, भाड्याच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम उचल म्हणून आधी मिळते. ती मिळू नये असं माझं म्हणणं नाही, मिळायलाच पाहिजे. पण पगारदार माणसाला फिरायला आगाऊ, आणि बिनपगारी संशोधकाला देशाचं काम मांडायला नंतर? हा कुठला न्याय?

बिनपगारी म्हटल्यावर कुणीतरी म्हणेल, फेलोशिप मिळते की. मिळते. 2023 मध्ये केंद्रानं कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप 31 हजारांवरून 37 हजार केली, वरिष्ठाची 35 वरून 42. कागदावर बरं आहे. पण 2025 मध्ये देशभरातले इन्स्पायर फेलो महिनोन्‌महिने थकलेल्या पैशासाठी ओरडत होते. आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योतीच्या पोरांना फेलोशिपसाठी आंदोलनं करावी लागली. डिसेंबर 2023 मध्ये त्यांची चाळणी परीक्षा घेतली तर 2019 च्या सेट परीक्षेचाच पेपर पुढं आला, आणि जानेवारीत पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात, पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल सत्तेतल्या मोठ्या नेत्याकडून आला होता, आठवतंय का? राज्यभर गदारोळ झाला होता. दिवे लावतील हो. तेल कधी देणार ते सांगा.

आता आक्षेपांकडं वळू. कट्ट्यावर हेच ऐकायला मिळतं.

पहिला आक्षेप. “शेतकरी मरतोय आणि तुम्हाला विमानाची तिकिटं पाहिजेत?” दादा, ही पोर शेतकऱ्याचीच आहे. शेतीतून एक पिढी बाहेर पडायला बघतेय, तिचा पाय आपणच ओढायचा काय?

दुसरा. “आता सगळं ऑनलाइन आहे, घरबसल्या बोलावं.” 2020 ची ग्लासगोची जागतिक बायोमटेरियल्स परिषद कोरोनामुळं ऑनलाइनच झाली होती, नाइलाज होता. ही परिषद चार वर्षांतून एकदा भरते. 2024 ला दक्षिण कोरियात देगूला भरली, समोरासमोर. टिश्यू इंजिनिअरिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची जागतिक परिषद तीन वर्षांतून एकदा. तीही 2024 ला सिएटलला समोरासमोर झाली. सगळं मोबाईलवर होत असतं तर एवढी माणसं तिकडं कशाला गेली असती? या विषयात डॉक्टर, इंजिनिअर, रसायनवाला आणि जीवशास्त्रवाला एकत्र लागतात. पोस्टरपुढं उभं राहून कुणीतरी विचारतं, “हे वितळायला किती दिवस लागले?” आणि त्या गप्पांतून पुढच्या प्रयोगशाळेचं दार उघडतं. आपल्याकडं सोयरीक व्हिडिओ कॉलवर ठरवतो काय आपण? घर बघायला जातोच ना?

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी मान्य करतो. “परिषदा आणि पुरस्कार बोगस पण असतात.” असतात! मला स्वतःला महिन्याला दोन मेल येतात, ‘राष्ट्रीय रत्न पुरस्कारासाठी आपली निवड, फक्त इतकी नोंदणी फी भरा’. आपल्या जिल्ह्यात असे पैसे भरून रत्न झालेले किती जण आहेत ते तुम्हालाही ठाऊक आहे. संशोधनातही पैसे घेऊन कुणाचाही निबंध स्वीकारणाऱ्या परिषदा निघाल्यात. आपण एक सोपी खूण लक्षात ठेवत होतो. जो पैसे मागतो तो पुरस्कार खोटा, जो पैसे देतो तो खरा. पण आता खरा पुरस्कार मिळाला तरी आधी खिशातनंच भरायचे. मग आईनं तरी खरा-खोटा ओळखायचा कसा? गावातले लोक तिला विचारायचे, “बक्षीस मिळालंय तर पैसं कशाला भरताय?” त्या माउलीकडं उत्तर नव्हतं. तुमच्याकडं आहे काय?

खरं-खोटं तपासायचं कामही अवघड नाही. कुठल्या संघटनेची परिषद, किती वर्षं भरते, निवड कोण करतं, हे मार्गदर्शक प्राध्यापक पाच मिनिटांत सांगतात. बोगस पुरस्काराच्या भीतीनं खऱ्याचा गळा दाबू नका.

आता जरा मागं जाऊ. आपल्या मातीला हे सगळं शिकवायची गरज नव्हती. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचं नाव दाखल झालं. तोच दिवस आज राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. तेच भीमराव आंबेडकर 1913 मध्ये अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. महाराजांनी असं म्हटलं नाही की आधी स्वखर्चानं शिकून ये, बोटीचं तिकीट जोड, मग बघू. असं म्हटलं असतं तर या देशाचं काय झालं असतं, विचार करा.

आणि कर्मवीर? 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणाची चणचण पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. दर जयंतीला आपण हे भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. त्या माउलीनं दागिने मोडले ते पुढच्या पिढीतल्या आयांना मोडावे लागू नयेत म्हणून. शंभर वर्षांनी त्याच जिल्ह्यात एका आईचं गंठण पोराच्या शिक्षणासाठी गहाण पडतं, आणि आपण फ्लेक्सवर हात जोडून उभे!

नुसतं ओरडून भागणार नाही. काय व्हावं ते लिहितो, चुकत असेन तर कमेंटमध्ये सांगा.

एक. केंद्र आणि राज्य सरकारनं मंजूर झालेला प्रवासखर्च आगाऊ द्यावा. संशोधकाच्या हातात नको वाटत असेल तर तिकीट थेट काढून द्या, नोंदणी फी थेट परिषदेला भरा. पैसा तेवढाच लागणार आहे. फक्त तारीख बदलायची आहे.

दोन. विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी फिरता निधी ठेवावा, आणि जिथं आहे तिथं तो वाढवावा. सातारा, सांगली, कोल्हापूर ही तीन जिल्ह्यांची पोरं शिवाजी विद्यापीठाच्या छायेत वाढली. संस्थेनं आधी भरायचं, सरकारकडून आलेले पैसे संस्थेनं घ्यायचे. दहा महिने वाट बघायची ताकद संस्थेत असते, माथाड्याच्या घरात नसते.

तीन, आणि हे आपल्या हातात आहे. आपल्या खोऱ्यातल्या गावोगावच्या मुंबईकर मंडळांनी मंदिरं बांधली, सभामंडप बांधले, जत्रा दणक्यात केल्या. बैलगाडा शर्यतीला चारचाकी बक्षीस देणारी दानत या जिल्ह्यात आहे. तालुक्यातल्या पतसंस्था, सोसायट्या, मंडळं, नोकरदार सगळ्यांनी मिळून पाच लाखांची एक ठेव करा. पुरस्काराचं पत्र आणि प्राध्यापकाची सही दाखवली की बिनव्याजी उचल. परतावा आला की पैसे परत ठेवीत. दान नाही, बुडीत खातं नाही. तेच पाच लाख फिरत राहतील आणि एका वेळी दोन-तीन पोरं जाऊन येतील. बायोमटेरियलचंच पाहिजे असं नाही. उद्या कुणी शेतीशास्त्राचा असेल, कुणी खगोलाचा.

एका फ्लेक्सला किती खर्च येतो ते मला माहीत आहे, कारण तो छापणारा माझा मित्र आहे. चार सत्कारांचा मंडप, हार, फेटे, ट्रॉफ्या, जेवण आणि फ्लेक्स धरले तर त्या पोरीचं जाण्याचं तिकीट निघालं असतं. सत्कार करू नका असं म्हणत नाही. पण शाल खांद्यावर टाकताना एकदा विचारा, “बाई, पैशाची सोय झाली का?”

माझी चूक मी कबूल करतो. मी पण त्या मंडपात पहिल्या रांगेत बसलो होतो, फोटो काढला, जेवलो आणि घरी आलो. पत्रकार म्हणून मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. म्हणून या निधीसाठी पहिले पाच हजार माझे. खातं कुणाच्या नावानं काढायचं, विश्वस्त कोण, हिशोब कुठं लावायचा, हे येत्या रविवारी बसून ठरवू. राजकारणातल्यांनी पण यावं, फक्त त्या दिवशी फ्लेक्स आणू नये.

आणि एक. यापुढं मला सत्काराची प्रेसनोट पाठवाल तेव्हा त्यात एक ओळ जास्तीची लिहून पाठवा. तिकीट कुणी काढलं? ती ओळ नसेल तर बातमी मी करणार नाही.

पोरीनं नाव मागं घेतलंय. ही परिषद तर गेली. पुढच्या वेळी तिनं फोनवर “दादा, निघाले” म्हणावं, आणि त्या दिवशी तिच्या आईच्या गळ्यात गंठण असावं. एवढंच मागणं आहे.